शेवटच्या खुर्चीपर्यंतची ऊब

हिवाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पडायला वेळ लागतो. उन्हाळ्यात तेलाच्या डबीची चोच खाली वळवली की तो दिसायच्या आत गळलेला असतो. इकडे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि जुलैत तसं होत नाही. आधी चोचीच्या टोकाशी एक पिवळट फुगवटा येतो. तो हळूहळू लांबतो, त्याला मान फुटते, आणि त्या बारीक मानेवर तो इतका वेळ लटकून राहतो की त्याच्यात उमटलेली मागच्या खिडकीची उलटी चौकट सावकाश पाहून होते. मग केव्हातरी मान तुटते.

माथुसो रोज सकाळी मशीनला तेल देताना हे बघायची. तेवढा वेळ तिचे दोन्ही हात डबीभोवती असायचे आणि डबीही हातांइतकीच गार असायची.

मासेरू शहरातल्या त्या जीन्सच्या कारखान्याला पत्र्याचं छप्पर होतं आणि सिमेंटची जमीन. रात्रीची थंडी सिमेंटमध्ये मुरायची आणि दिवसभर बुटांच्या तळव्यांतून वर येत राहायची. सकाळी बायका आत शिरल्या की त्यांच्या तोंडातून निघालेली वाफ ओळींवर थोडा वेळ तरंगायची. दिवे त्या वाफेत पिवळे दिसायचे. लांबून पाहिलं तर वाटावं, सगळ्या अजून झोपेत आहेत आणि झोपेतच टाके घालतायत.

आत शिरण्यापूर्वी प्रत्येकीने खांद्यावरचं लोकरी कांबळं काढून दाराशी खुंटीला अडकवायचं, हा नियम होता. नियम खोटा नव्हता. एकदा एकीच्या कांबळ्याचा काठ मशीनच्या पट्ट्यात सापडला होता आणि ती मानेसकट ओढली गेली होती. तेव्हापासून कांबळी बाहेर. मक्याच्या कणसांची, ढालींची, मुकुटांची नक्षी असलेली ती जाड कांबळी दाराशी रांगेने लटकत राहायची, खांद्यांचा आकार अजून न मोडलेली. आत जाणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं तर तिला वाटायचं, आपण बाहेरच राहिलो आहोत, भिंतीला टेकून.

माथुसोचं कांबळं काळं होतं. कपडे काळे, डोक्याचा रुमाल काळा. मळणीच्या दिवसांत तिचा नवरा मोतेबांग गेला होता. पंधरा वर्षं त्याने सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत ड्रिल चालवलं होतं. शेवटी तो खोकला घेऊन घरी आला आणि खोकल्याबरोबरच गेला. शोकातल्या बाईने सूर्य टेकायच्या आत घर गाठायचं असतं, आणि आवाज चढवायचा नसतो. हसताना नाही, भांडताना नाही, कुणाला हाक मारतानाही नाही. काळे कपडे उतरवण्याचा विधी नवऱ्याच्या घरचे करतात. तो पीच फुलली की करायचा, असं तिच्या सासूने ठरवलं होतं. म्हणजे थंडी संपता संपता.

यात एक अडचण होती. माथुसो तिच्या ओळीची कामगार प्रतिनिधी होती, आणि ओळीने तिला निवडलं होतं ते तिच्या आवाजासाठीच. सगळी मशीनं चालू असताना या टोकाचं बोलणं त्या टोकाला नेईल असा आवाज कारखान्यात तिचा एकटीचा होता. तो आता ती घशातच ठेवायची.

*

ऊब कारखान्यात एकाच ठिकाणी होती. आतल्या कोपऱ्यात, बॉयलरच्या भिंतीला लागून, जिथे शिवलेल्या पँटींना वाफेची इस्त्री व्हायची. तिथे न्थाबेलेंग होती. रुंद, बडबडी, जुलैतही बाह्या वर सारलेली. कापडाच्या कापणीतले जाड उरलेले तुकडे ती इस्त्रीखाली दाबायची, आणि ते तापले की ओळीच्या पहिल्या खुर्चीकडे फेकायची, रस्त्यावर तळलेले पिठाचे गोळे विकावेत तशी ओरडत.

"घ्या बायांनो, गरमागरम माक्वेन्या! आत्ताच तेलातून काढलेत!"

"साखर कमी पडली गं," पहिली खुर्ची म्हणायची.

"फुकटात खातेस आणि साखर मागतेस?"

तुकडा हातात घ्यायचा, दोन्ही तळव्यांत दाबायचा, एक श्वास आत, एक बाहेर, आणि पुढे द्यायचा. जास्त वेळ ठेवायचा नाही. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शिलाई न थांबवता डावा हात मागून घ्यायचा आणि पुढे करायचा. असा तो तुकडा ओळभर चालत जायचा, जणू एखादं लहान जनावर अंगावरून अंगावर उड्या मारत निघालंय. वाटेत तो निवत जायचा. माथुसोच्या खुर्चीशी पोहोचेपर्यंत त्याच्यात आईच्या हाताइतकी ऊब उरायची. आणि शेवटच्या खुर्चीशी काहीच नाही.

शेवटच्या खुर्चीवर मोर्वेसी बसायची. तिच्या पाठीमागे माल भरायचं मोठं दार होतं आणि ते कायम अर्धं उघडं. ट्रक लागायचे, खोकी जायची, पर्वतांवरच्या बर्फाला शिवून आलेला वारा आत यायचा. मोर्वेसी नवीन लग्न झालेली, हसऱ्या डोळ्यांची. गार झालेला तुकडा ती तरीही दोन्ही हातांत धरायची, गालाला लावायची आणि मोठ्या आदबीने, आईला मारावी तशी हाक मारून म्हणायची, "आभारी आहे, म्मे न्थाबेलेंग. फार छान होता. वास अजून आहे."

मग सगळी ओळ हसायची. माथुसो ओठ मिटून.

*

हिवाळ्याच्या सुरुवातीला युनियनच्या बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की कामाच्या जागी पुरेशी ऊब ठेवणं हे मालकाचं काम आहे, उपकार नव्हे. ऊब नसेल आणि त्यातून इजा होईल अशी वेळ आली तर कामावरून उठायचा हक्क आहे.

"पण ऐका," त्या म्हणाल्या होत्या, "एकेकटी उठू नका. एकेकटी उठलात तर 'काम टाकून गेली' असं म्हणून घालवतील. तुमच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर, तोंडाने, कारण सांगून म्हटलं पाहिजे की आम्ही का उठतोय आणि कुठे आहोत. मग ते काम टाकणं होत नाही."

तेव्हा सगळ्यांनी माथुसोकडे पाहिलं होतं. मग तिच्या काळ्या रुमालाकडे. आणि मग आपापल्या डब्यांकडे.

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. माथुसोला वाटलं, घाबरल्या. कारखाने बंद पडायच्या बातम्या रोज येतात, कुणाला कशाला हवंय? तिलाही भीती होतीच. घरात कमावणारी ती एकटी. मुलगा थुसो शाळेत, सासूचे गुडघे गेलेले. त्यांना नको असेल तर आपण तरी का उठावं, असं ती स्वतःला सांगायची. पण संध्याकाळी मोर्वेसी बोटांवर फुंकर घालत बाहेर पडायची तेव्हा माथुसोला तिच्याकडे बघवायचं नाही.

एकदा न्थाबेलेंगनेच मनावर घेतलं. सुपरवायझर रालेबित्सो, ज्याला सगळ्या न्ताते म्हणजे बाबा म्हणायच्या, फेरी मारत आला तेव्हा ती इस्त्री खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"न्ताते, त्या ओळीतल्या बायका गोठतायत. हीटर लावा."

रालेबित्सो वाईट माणूस नव्हता. त्याचाही कोट गळ्यापर्यंत बंद होता आणि हातमोज्यांची टोकं लिहिता यावं म्हणून कापलेली होती.

"तुम्हाला थंडी वाजते, म्मे?"

"मला कशाला वाजेल?"

"मग कुणाला वाजते?"

"त्यांना!"

"मग त्यांनी सांगावं. तुमच्या कपाळावरचा घाम माझ्या बुटांवर पडतोय."

यावर न्थाबेलेंगलाच हसू फुटलं. रालेबित्सोने खांबावरच्या थर्मामीटरकडे बोट केलं. "हे बघा. एकोणीस. माझ्या घरात एवढं नसतं."

थर्मामीटर बरोबर होता. तो जिथे टांगला होता तिथलं खरं सांगत होता, आणि तो टांगला होता बॉयलरच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर.

"तो तुमच्यासारखाच आहे, न्ताते," न्थाबेलेंग म्हणाली. "दिवसभर माझ्या शेजारी उभा राहतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे. एकदा त्याला दाराशी फिरवून आणा."

"ज्योतीचे हीटर इथे चालणार नाहीत. कापसाचा धुरळा उडतो, पेट घेईल. बॉयलरची नळी तिकडे न्यायचं वरच्यांना कळवलंय. मंजुरी आली की होईल."

"कधी?"

"येईल तेव्हा."

मंजुरी कुठल्या तरी दूरच्या शहरातून यायची होती. तिथे आत्ता उन्हाळा होता असं बायका म्हणायच्या.

*

नंतरच्या आठवड्यात पर्वतांवर पुन्हा बर्फ पडला. शहरात तो उतरला नाही, पण त्याचा प्रकाश उतरला. सकाळ पांढरट, स्तब्ध, दुधाच्या भांड्यात बसल्यासारखी. त्या सकाळी मोर्वेसी पँटींच्या कमरेला पट्ट्याचे फास लावत होती. मशीनची सुई एका लयीत खालीवर होत होती. माथुसोने सहज तिकडे पाहिलं आणि तिला वाटलं, कापडावर कुठून तरी लाल धागा आलाय.

मोर्वेसी शिवतच होती. मग तिचंही लक्ष गेलं. तिने पाय उचलला, हात डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसा कुतूहलाने पाहिला. सुई नखातून आरपार जाऊन आली होती.

"दुखत नाहीये," ती माथुसोला, थोरल्या बहिणीला सांगावं तसं, म्हणाली. जणू माथुसोनेच काही तक्रार केली होती. "खरंच, आउसी. काहीच दुखत नाहीये."

रालेबित्सो धावत आला. त्याने स्वतःचा रुमाल काढून तिच्या बोटाला घट्ट गुंडाळला. मग सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "ती पँट बाजूला घ्या कुणीतरी, खालच्यांना डाग लागेल." आणि हे बोलून झाल्यावर त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

मोर्वेसीला दवाखान्यात नेलं. तिची खुर्ची तशीच राहिली. थोड्या वेळाने ओळीतून गरम तुकडा आला. माथुसोने तो हातात घेतला, पुढे करायला हात लांबवला आणि पुढे कुणीच नव्हतं. तुकडा तिच्या हातातच निवला.

*

"उद्या मी बोलेन म्हणते," त्या संध्याकाळी ती सासूला म्हणाली. रॉकेलच्या स्टोव्हवर पापा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजत होता आणि लाकडी चमच्याने ती तो घोटत होती. घोटताना बोलणं सोपं जातं, समोर बघावं लागत नाही.

सासू, म्मे मामोतेबांग, पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "कुणाशी?"

"सुपरवायझरशी. सगळ्यांसमोर. एका पोरीच्या बोटातून सुई गेली आज. तिला कळलंच नाही."

"अगंबाई." सासूने गुडघ्यांवर पांघरूण ओढलं. "जगली ना?"

"बोट आहे, म्मे."

"मग पीच फुलेपर्यंत थांब. कितीसे दिवस राहिलेत? झाडाला गाठी आल्यात, मी आजच हात लावून बघितलं. काळं उतरवू, मेंढा कापू, मग ओरड हवं तेवढं. आत्ता आवाज चढवलास तर लोक म्हणतील, मोतेबांगची बायको त्याला विसरली."

"पीच फुलेपर्यंत थंडीच संपेल. मग बोलून काय करू?"

"मग हळू बोल."

"हळू बोललेलं तिथे कुणाला ऐकू येणार? मशीनं चालू असतात."

"त्यांना म्हणावं गप्प बसा."

"मशीनं गप्प बसत नाहीत, म्मे."

"का?" म्हातारीने खऱ्याच नवलाने विचारलं. ती कधी कारखान्यात गेली नव्हती. "बटण नसतं त्यांना?"

कोपऱ्यात अभ्यास करणारा थुसो फिस्सकन हसला. माथुसोलाही हसू आलं, पण तिने ते पाप्यात घोटून टाकलं. हिरव्या भाजीबरोबर तिघं जेवली. सासूने झोपण्यापूर्वी, दुखऱ्या गुडघ्यांवर उठून, माथुसोचं काळं कांबळं स्टोव्हवर धरून गरम केलं आणि तिच्या पांघरुणावर टाकलं.

*

हिवाळ्यात दुपारी कारखान्याच्या आतपेक्षा बाहेर बरं असतं. आमच्याकडे या दिवसांत ऊन उत्तरेकडून तिरपं येतं आणि उत्तरेच्या भिंतीला संध्याकाळपर्यंत सोडत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या ओळी त्या भिंतीशी येऊन बसायच्या, कांबळी पांघरून, पाय लांब करून. विटा पाठीला अशा ऊबदार लागायच्या की भिंतीलाही रक्त असावं. बोलणी हळूहळू मंदावायची. माश्या यायच्या. कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी खांद्यावर कलंडायचं.

माथुसोचे डोळे मिटले आणि तिला मोतेबांग दिसला.

तो पर्वत उतरून येत होता. बर्फात त्याच्या पावलांचा आवाज होत नव्हता. खांद्यावर त्याचं तपकिरी कांबळं होतं, पण त्याने ते चुकीचं पांघरलं होतं. पट्टे आडवे होते. कांबळ्याचे पट्टे उभे असावे लागतात, आडवे पांघरले तर माणसाची वाढ खुंटते. लहानपणापासून प्रत्येकाला हे माहीत असतं. माथुसोला वाटलं, त्याला सांगावं, अहो, फिरवून घ्या. पण ती काळ्या कपड्यांत होती, म्हणून ती हळूच म्हणाली. तो थांबला. त्याने कान पुढे केला.

खाणीतल्या ड्रिलने त्याचे कान लग्नाच्या आधीच अर्धे नेले होते. घरी आला की तो कान असाच पुढे करायचा आणि ती ओरडायची. जेवायला या म्हणून ओरडायची, पोराला दात आला म्हणून ओरडायची. रात्री शेजारी पडल्या पडल्याही जरा जोरातच बोलावं लागायचं आणि भिंतीपलीकडून सासू खोकायची. कारखान्याने तिला तो आवाज दिला नव्हता. तो त्याच्यामुळेच आला होता.

"पट्टे," ती स्वप्नात पुटपुटली.

"ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. त्याच्या हातात जीन्सचा एक तुकडा होता. त्यातून वाफ निघत होती. तो देण्यासाठी त्याने हात पुढे केला. "मोठ्याने बोल ना. आता काय झालं तुला?"

तिने तुकडा घेतला. तो अजून गरम होता.

मग कुणीतरी तिच्या हाताला हात लावला. मोर्वेसी शेजारी बसली होती. बोटाला पांढरी पट्टी, एवढी जाड की तो हात अर्धा बाहुलीचा वाटत होता.

"तू का आलीस आज?" माथुसोने विचारलं.

"घरी बसले तर दिवस कापतील. एका हाताने खोकी मोजते म्हटलं." मोर्वेसीने पट्टी उन्हात धरली. "आता दुखतंय. डॉक्टर म्हणाले, दुखतंय ते चांगलं आहे. ऊब आली की दुखायला लागतं म्हणे."

पलीकडे न्थाबेलेंग पाय पसरून बसली होती. डोळे मिटूनच ती म्हणाली, "आमच्या सुपरवायझरला पण थोडी ऊब द्या मग."

"तो काल रडला," मोर्वेसी म्हणाली. "दवाखान्यात. मी पाहिलं नाही असं दाखवलं."

माथुसोने मग विचारलं. किती दिवस ते घशात होतं.

"तुम्हाला कुणालाच उठायचं नाहीये, हो ना? युनियनच्या बाई येऊन गेल्यापासून कुणी एका शब्दाने बोललं नाही मला."

न्थाबेलेंगने डोळे उघडले. "काय बोलायचं तुला? काळ्या कपड्यातल्या बाईला सांगायचं, चल, चार माणसांत उभी राहा आणि ओरड? आईने कानफटात दिली असती माझ्या."

"म्हणून विचारलं नाहीत?"

"मग कशासाठी? अगं, आम्ही सगळ्या तुझ्या पीचची वाट बघतोय. ही तर रोज येताना वाटेतली झाडं बघत येते."

"आमच्या दारातल्याला एक कळी आलीय," मोर्वेसी घाईने म्हणाली. "एकच. पण चुकून आली असेल."

माथुसो त्यांच्याकडे बघत राहिली. एवढे दिवस त्या हिची वाट बघत होत्या आणि ही त्यांची. दोन्हीकडे मानच राखला जात होता, आणि मधल्या खुर्च्यांवर बोटं गोठत होती.

"मला वाटलं, तुम्ही घाबरलात," ती म्हणाली.

"घाबरलोय की," न्थाबेलेंग म्हणाली. "ते वेगळं."

माथुसोने मग त्यांना सासूची गोष्ट सांगितली. मशीनं गप्प बसत नाहीत म्हटल्यावर म्हातारी काय म्हणाली ते. "बटण नसतं त्यांना?" भिंतीशी बसलेल्या सगळ्या हसल्या. न्थाबेलेंग तर इतकी की तिच्या कांबळ्याची पिन सुटली. हसणं एकेकीकडून पुढे पुढे गेलं, भिंतीच्या टोकाला पोहोचलं, तिथे कुणाला तरी गोष्ट पुन्हा सांगावी लागली आणि तिथून ते उलट फिरून आलं. मग ते विरलं. ऊन होतं तसंच होतं. लांबवर पर्वतांची पांढरी कड हवेत टेकल्यासारखी दिसत होती, खाली काहीच आधार नसलेली.

घंटा झाली.

*

कांबळी खुंट्यांवर चढली. बायका आत गेल्या. आतली थंडी दारातच उभी होती, पाण्यात पाय टाकावा तशी ती घोट्यांपासून चढत गेली. मशीनं एकेक सुरू झाली आणि त्यांचा मिळून तो रोजचा घरघराट झाला, ज्याच्यात स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही.

माथुसो बसली नाही.

ती खुर्चीच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. खोक्यांच्या राशीपाशी रालेबित्सो पाठमोरा उभा होता. तिच्या छातीत जुना आवाज पूर्ण भरून आला होता. तो तिथे आहे हे तिला कळत होतं, एक हाक पुरली असती. ओठ उघडले. डोळ्यांसमोर मोतेबांग कान पुढे करून उभा होता, आणि त्याच्या मागे त्याची आई, दुखऱ्या गुडघ्यांवर, स्टोव्हवर कांबळं धरून.

"न्ताते," ती म्हणाली. शोकातल्या बाईने म्हणावं तेवढ्याच आवाजात.

तो शब्द तिच्या ओठांपासून वीतभरही गेला नाही. तोंडातून निघालेली वाफ फक्त दिसली. पण शेवटच्या खुर्चीपाशी मोर्वेसी उभी होती आणि तिने ती वाफ पाहिली. ती वाकली. पट्टी बांधलेल्या हाताने तिला बटण सापडेना, मग दुसऱ्या हाताने तिने आपल्या जागी बसलेल्या बाईचं मशीन बंद केलं. ती बाई दचकली, माथुसोकडे पाहिलं, आणि तिने माथुसोच्या रिकाम्या खुर्चीवरून पलीकडच्या शेजारणीच्या मशीनकडे हात नेला. शेजारणीने तो येण्याआधीच आपलं बंद केलं. मग तिच्या पुढचीने. मग पुढचीने.

रोज ऊब ज्या वाटेने यायची त्याच वाटेने शांतता उलटी चालत गेली, खुर्चीवरून खुर्चीवर, दारापासून आत. आणि ती निवत नव्हती. माथुसोला ओलांडून ती पहिल्या खुर्चीपर्यंत गेली, तिथून शेजारच्या ओळीत वळली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सर्वांत शेवटी कोपऱ्यात न्थाबेलेंगने वाफेचा दांडा वर केला. एक लांब सुस्कारा निघाला आणि संपला.

पत्र्याचं छप्पर उन्हाने तडकताना कुणी याआधी ऐकलं नव्हतं. ते आता ऐकू येत होतं. माथुसोच्या मशीनच्या तेलाच्या डबीखाली एक थेंब पडला, त्याचाही आवाज आला.

रालेबित्सो त्या शांततेने दचकून वळला. त्याने आधी दिव्यांकडे पाहिलं, वीज गेली की काय म्हणून. दिवे चालू होते. मग त्याला सगळ्या मान वळवलेल्या बायका दिसल्या आणि त्या जिच्याकडे बघत होत्या ती काळ्या कपड्यांतली बाई दिसली. त्याने नकळत डोक्यावरची टोपी काढली, जशी शोकाच्या घरात काढतात.

"काय झालं, म्मे माथुसो?" त्यानेही हळूच विचारलं.

तिने खुर्चीवरचे हात काढले.

"न्ताते, इथे ऊब नाही. आमच्या बोटांना सुई कळत नाही," ती म्हणाली, आणि तिचा हळू आवाज मोठ्या दारापर्यंत नीट पोहोचला. "आम्ही काम टाकून जात नाही. आम्ही उत्तरेच्या भिंतीशी उन्हात बसतोय, तुम्हाला दिसू तिथे. नळी शेवटच्या खुर्चीपर्यंत येईतोवर आम्ही मशीनला हात लावणार नाही."